हायस्कूलला गणित शिकवायचंय आणि त्यात टिकायचंय? मग आधी चुकांची वही करा

गणित चांगलं येतं तर गणिताचा शिक्षक व्हावं का, असं मला बरेच जण विचारतात. गणित यायला तर हवंच, पण तेवढ्यावर कुणी या कामात टिकत नाही. मी १७ वर्षं शिकवतेय आणि मला वाटतं की टिकतो तो, ज्याला मुलांच्या चुका बघून पुढे जाणून घ्यावंसं वाटतं.

म्हणून डिग्री, ट्रेनिंग, परीक्षा वगैरे जे काय लागतं ते करालच, पण त्याआधी दोन महिने एका तरी मुलाला शेजारी बसवून शिकवा, आणि मुद्दाम गणिताला घाबरणारा मुलगा घ्या. तीच गोष्ट चौथ्यांदा सांगायची वेळ आली की मनात काय येतं ते बघा. "हा नक्की अडकतोय कुठे?" असं आलं तर बिनधास्त या. "याला कळतच नाही" असंच रोज येत असेल तर जरा थांबून विचार करा, कारण पुढे असे चाळीस जण एका वर्गात बसलेले असणारेत.

पहिल्या वर्षी मी पार दमले होते. पोर्शन संपवायचा, वह्यांचे गठ्ठे तपासायचे आणि एवढं करून पेपरात पुन्हा तीच चूक. तेव्हा एका सीनियर बाईंनी सांगितलं, नुसती फुली मारू नकोस, चूक उतरवून घे. तेव्हापासून माझी एक वही आहे, डाव्या पानावर मुलाने काय लिहिलं ते आणि उजव्या पानावर त्याने तसं का लिहिलं असेल ते.

उदाहरण देते. १/२ + १/३ = २/५, हे दरवर्षी कुणीतरी लिहितंच. आता बघा, एका चाचणीत दोनपैकी एक गणित बरोबर आलं, दुसरीत तीनपैकी एक, तर मिळून पाचपैकी दोन बरोबर, म्हणजे मुलगा वेडंवाकडं काही करत नाहीये, त्याने मार्कांची बेरीज अपूर्णांकांना लावली. मग त्याला "छेद समान करायचा विसरलास" असं न म्हणता एवढंच विचारायचं, २/५ मोठा की १/२? ०.४ आणि ०.५. अर्ध्यात काहीतरी मिळवलं आणि उत्तर अर्ध्याहून कमी आलं! ते त्याच्या स्वतःच्या लक्षात येतं तेव्हाचा चेहरा, त्या चेहऱ्यासाठी मी अजून या कामात आहे.

तशीच दुसरी नेहमीची चूक, (३ + ४)² म्हणजे ९ + १६ = २५, खरं तर ते ७², म्हणजे ४९. सूत्र पाठ करून घेतलं तरी महिन्याभरात हे परत येतं. त्यापेक्षा फळ्यावर ७ बाजूचा चौरस काढा, त्यात ३ चा आणि ४ चा असे दोन चौरस समोरासमोरच्या कोपऱ्यांत दाखवा आणि उरलेली जागा मुलांनाच मोजू द्या. १२-१२ चे दोन आयत सापडतात, हरवलेले २४ तिथे असतात.

आणि ऋण संख्यांवरून कुणावर चिडू नका प्लीज. ब्रह्मगुप्ताने त्यांचे नियम ६२८ साली लिहून ठेवले होते, तरी अगदी १८व्या शतकातही युरोपातल्या काही गणितज्ञांना त्या पटत नव्हत्या, मग तेरा वर्षांच्या मुलीला दोन तासिकांत कशा पटतील. −३ × २ = −६, −३ × १ = −३, −३ × ० = ० अशी ओळीने मांडणी करा, दर वेळी उत्तर ३ ने वाढतंय हे दिसलं की −३ × −१ = ३ ती स्वतःच सांगते.

प्रश्न विचारल्यावर गप्प राहायला शिका, हे मला सगळ्यात अवघड गेलं. मेरी बड रो या संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात आणि ते तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब आणि जास्त विचार केलेली येतात. मी मनात पाच आकडे मोजते. मागच्या बाकावरचे हात त्या शेवटच्या दोन आकड्यांत वर येतात.

"याचा पुढे उपयोग काय?" हा प्रश्न येणारच. प्रत्येक धड्याला ओढूनताणून उपयोग चिकटवू नका, मुलांना ते लगेच कळतं. जिथे खरा आहे तिथे सांगा, चक्रवाढ व्याज, संभाव्यता, नकाशाचं प्रमाण. बाकी ठिकाणी खरं बोला, की हे आपण करतोय कारण यात विचार करायला मजा येते, आणि ती मजा तुम्हाला स्वतःला येत असली पाहिजे. त्यासाठी आठवड्यातून एक तरी असं गणित सोडवा जे तुम्हाला पटकन येत नाही.

वह्या सगळ्या शब्दन् शब्द तपासत बसू नका, त्यातच माणूस संपतो. धड्यातली दोन गणितं नीट तपासा, बाकीची मुलांना एकमेकांची बघू द्या. प्रमोशन, अभ्यासक्रम समिती, पाठ्यपुस्तकाचं काम ही पुढची दारं आहेत आणि चांगली आहेत, फक्त जमलं तर एक तरी वर्ग हातात ठेवा, नाहीतर वहीत नवीन काही येणं बंद होतं.

सुरुवात यायच्या चाचणीपासून करा. गठ्ठा हातात घेतलात की मार्क देण्याआधी एकदा सगळे पेपर नुसते वाचा आणि तीनच चुका उतरवून घ्या, पण उजवं पान रिकामं ठेवू नका, सुचलं नाही तर दुसऱ्या दिवशी त्या मुलालाच विचारा, "हे कसं केलंस, मला सांग ना."