लिनक्स मिंट बसवताना लॅपटॉपची एसएसडी दिसत नसेल तर

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि सातव्या पिढीच्या माझ्या इंटेल प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, म्हणून विंडोजसोबतच लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीमही बसवायचे ठरवले. परंतु इन्स्टॉलरच्या यादीत केवळ इन्स्टॉलरचा पेन ड्राइव्ह दिसत होता, लॅपटॉपमधील एनव्हीएमई एसएसडी (वेगवान साठवण-डिस्क) नव्हती. पेन ड्राइव्ह नव्याने तयार करून आणि सिक्युअर बूट (फक्त विश्वासार्ह प्रणाली सुरू होऊ देणारी सुरक्षा) बंद करूनही फरक पडला नाही. अक्षरशः वैताग आला.

कारण असे निघाले: बायोसमधील (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूलभूत सेटिंगमधील) साटा मोड, म्हणजे डिस्क जोडण्याची पद्धत, ‘रेड’वर होता आणि त्यामुळे इन्स्टॉलरला एसएसडी दिसत नव्हती. तो थेट बदलल्यास विंडोज निळा पडदा दाखवून अडते, त्यामुळे क्रम महत्त्वाचा आहे. आधी बॅकअप घ्यावा आणि बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-कुलूप) असल्यास ते बंद करून डिक्रिप्शन पूर्ण होऊ द्यावे. मग विंडोजमधील ‘एमएसकॉन्फिग’ हे सेटिंगचे साधन उघडून बूट टॅबमध्ये ‘सेफ बूट’वर (विंडोज मोजक्या ड्रायव्हरांसह सुरू करण्याचा पर्याय) खूण करावी, रीस्टार्ट होताच बायोसमध्ये शिरून (माझ्याकडे एफ२ कळ) साटा मोडसाठी ‘रेड’ऐवजी ‘एएचसीआय’ निवडावे व सेव्ह करावे. विंडोज सेफ मोडमध्ये उघडते आणि योग्य ड्रायव्हर स्वतःच उचलते; येथे पिन चालेलच असे नाही, पासवर्ड पाठ असलेला बरा. शेवटी ती खूण काढून पुन्हा रीस्टार्ट करावे. त्यानंतर इन्स्टॉलरमध्ये एसएसडी सर्व पार्टिशनांसह दिसली.