स्क्रूचं डोकं गेलंय? मग या चुका टाळा

इंजिनवरच्या स्क्रूवर ड्रायव्हर पहिल्यांदा घसरतो तेव्हा तो स्क्रू सहसा वाचण्यासारखा असतो. खाचेची एखादी कड गोल झालेली असते, एवढंच. त्यानंतर वैतागून आपण जे आठ-दहा हिसके देतो, त्यांनी त्याचं वाटोळं होतं. एकदा घसरला की हात थांबवा आणि आधी खाचेत डोकवा.

तिथे बहुतेक वेळा तेल आणि धूळ मिळून झालेला काळा लगदा ठासून बसलेला असतो. तो दाभणाने कोरून काढला नाही, तर टोक तळापर्यंत पोचतच नाही. दुसरा घोळ मापाचा. जपानी गाड्यांवरचे बरेच प्लस स्क्रू जेआयएस (जपानी मानक) मापाचे असतात. त्यात साधा फिलिप्स ड्रायव्हर नीट बसत नाही आणि जोर लावला की वर उसळतो. ५ मिमीच्या षटकोनी अ‍ॅलन खाचेत ३/१६ इंची की 'चालतेय' म्हणून घालू नका, ती ४.७६ मिमीच भरते. षटकोनी डोक्याच्या बोल्टला बारा कोनांचं सॉकेट लावलं की कोपरे झिजतात. सहा कोनांचंच घ्या.

गंज सोडवणारं तेल फवारून लगेच जोर लावणं ही तर सगळ्यांचीच सवय. आट्यांत तेल उतरायला वेळ लागतो. फवारा, डोक्यावर हलके ठोके द्या, अर्धा तास दुसरं काहीतरी करा. रात्रभर ठेवता आलं तर उत्तमच. पण आट्यांना थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावतात तो गोंद) लावलेला असेल तर तेलाने काही होत नाही, तो उष्णतेनेच मऊ पडतो. गरम करायचं ते स्क्रूच्या भोवतालचं अ‍ॅल्युमिनियम, कारण ते पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं आणि पकड सैल होते. हीट गन वापरा. पेट्रोलच्या नळीजवळ किंवा प्लॅस्टिकच्या कव्हरवर मात्र हा प्रयोग नकोच.

हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर माझा आवडता. पण तो उलट्या दिशेला लावलेला असेल तर प्रत्येक ठोक्याला स्क्रू आणखी आवळला जातो. आधी लाकडावर दाबून तो कुठल्या दिशेने फिरतोय ते बघा. पातळ कव्हर असेल तर ठोके बेतानेच. ते तडकू शकतं.

सगळ्यात महागाची चूक मी स्वतः केली आहे: घाईने एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे मोडक्या स्क्रूत भोक पाडून घालायची उलट्या आट्यांची सळई, घालणं. तो कडक असतो, पण ठिसूळही. आटेच गंजून धरलेले असतील तर स्क्रूच्या आधी तोच कटकन मोडतो. माझा इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीत मोडला. त्यावर साधा ड्रिल बिट नुसता घसरत राहिला आणि शेवटी भाग मशीन शॉपमध्ये न्यावा लागला. त्याआधी ड्रिलने डोकंच उडवून पाहायला हवं होतं. एम६ (६ मिमी जाडीचा) स्क्रू असेल तर डोक्याच्या बरोबर मध्यावर टोकदार पंचने खूण ठोका, आधी बारीक आणि मग ६ मिमीपेक्षा किंचित मोठा बिट डोक्याच्या जाडीपुरताच चालवा. डोकं निघालं की ताण संपतो, कव्हर उचलता येतं आणि खाली उभा राहिलेला दांडा व्हाइस ग्रिपने (लॉक होणाऱ्या पकडीने) पुष्कळदा सहज फिरतो. डावा, म्हणजे उलटा फिरून कापणारा, ड्रिल बिट मिळाला तर आणखी बरं. कधी कधी भोक पाडतानाच स्क्रू बाहेर येतो.

ड्रिल करताना आसपासची उघडी भोकं चिंधीने बंद करा आणि बिटला ग्रीस लावा, म्हणजे बरेचसे कण त्यालाच चिकटतील. इनटेकमध्ये किंवा स्पार्क प्लगच्या भोकात गेलेला एक कीसही महागात पडतो.

आटे फाटले असतील तर जाड स्क्रू बळंच पिळू नका, इन्सर्ट (नव्या आट्यांची धातूची नळी किंवा स्प्रिंग) बसवा. ठीक असतील तर साफ करून नवीन स्क्रू मॅन्युअलमधल्या टॉर्कवर (आवळायच्या जोरावर) आवळा. अ‍ॅल्युमिनियममधल्या एम६ला तो साधारण १० न्यूटन-मीटरच असतो. आणि जुना स्क्रू 'असू दे' म्हणून डब्यात टाकू नका. पुढच्या वेळी नेमका तोच हाताला लागतो.