याब्रिजला शिव्या घालण्याआधी या चुका टाळा

लिनक्सवर रीपर (गाणं रेकॉर्ड आणि मिक्स करायचं सॉफ्टवेअर, म्हणजे डीएडब्ल्यू) झकास चालतंय, विंडोजचे प्लगिन त्यात चालवणारं याब्रिजही टाकलंय, पण विंडोजचा आवडता सिंथ (वाद्यांचे आवाज तयार करणारा प्लगिन) यादीत दिसतच नाही, अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी एकच विचारतो: प्लगिनची फाइल कुठे ठेवलीत? उत्तर ठरलेलं. "विंडोजच्या ड्राइव्हवरून डीएलएल उचलली आणि होममधल्या डॉट-व्हीएसटी फोल्डरमध्ये टाकली." पाच मिनिटांत सगळं शिकवणाऱ्या व्हिडिओंची कृपा, दुसरं काय!

तिथे त्या डीएलएलला, म्हणजे प्लगिनच्या विंडोज फाइलला, कुणी विचारत नाही. लिनक्सवरच्या रीपरला लिनक्सची, म्हणजे एसओ फाइल लागते. याब्रिज प्रत्येक प्लगिनसाठी अशी एक छोटी एसओ तयार करून ठेवतं. रीपर ती उघडतं, ती मागच्या मागे वाइनची (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) वेगळी प्रोसेस सुरू करते आणि खरा प्लगिन तिकडे चालतो. त्यामुळे मूळ फाइल इन्स्टॉलरने वाइनच्या प्रिफिक्समध्ये (वाइनचं नकली विंडोज ज्या फोल्डरमध्ये असतं त्यात) जिथे ठेवली तिथेच राहू द्यायची. इन्स्टॉलर रजिस्ट्रीत नोंदी करतो, प्रीसेट आणि सॅम्पल कुठे आहेत ते लिहून ठेवतो, लायसन्सचं बघतो. नुसती डीएलएल आणणं म्हणजे नवरदेव आला आणि वऱ्हाड गावीच राहिलं.

मी इन्स्टॉलर वाइनमधूनच चालवतो, अगदी साध्या डिलेसाठीसुद्धा. मग टर्मिनलमध्ये याब्रिजचीच 'याब्रिजसीटीएल ॲड' ही कमांड देऊन प्लगिनचा फोल्डर एकदाच दाखवायचा. प्लगिन व्हीएसटी३ या प्रकारचा असेल तर तो फोल्डर प्रिफिक्समधल्या सी ड्राइव्हवर, प्रोग्राम फाइल्समधल्या कॉमन फाइल्सच्या आत सापडतो. शेवटी 'याब्रिजसीटीएल सिंक', म्हणजे त्या एसओ तयार होतात. नवा प्लगिन टाकला की पुन्हा सिंक. हे विसरून "रीस्कॅन केलं तरी दिसत नाही" म्हणणाऱ्यांना मी आता उत्तरच देत नाही.

दुसरी चूक माझ्या जास्त डोक्यात जाते: चालत्या गाड्यात वाइन अपडेट करणं. वाइन ९.२२ पासून खिडक्या हाताळण्याची आतली रीत बदलली आणि याब्रिज ५.१.१ किंवा त्याआधीच्या आवृत्त्यांमध्ये माउसचा हिशोब चुकू लागला. प्लगिन उघडतो, आवाजही येतो, पण क्लिक एकीकडे आणि परिणाम भलतीकडे.

माझा एक मित्र घरच्या स्टुडिओत अभंगांचं मिक्सिंग करतो. आषाढी तोंडावर आलेली, गायकाला फाइल सकाळी हवी, आणि या गड्याने रात्री जेवून आल्यावर "सगळं अपडेट करून घेऊ" म्हणून अख्खी सिस्टिम अपडेट केली. मग फोन. पखवाजावरच्या कॉम्प्रेसरचा (आवाजाची चढउतार आवरणाऱ्या प्लगिनचा) थ्रेशोल्ड धरायला जावं तर हलतोय भलताच नॉब. त्याने माउस बदलला, मॉनिटरचं स्केलिंग बदललं, ग्राफिक्स ड्रायव्हर उचकटला, म्हणजे नसलेले तीन आजार बरे केले. मी म्हटलं, प्लगिनची खिडकी ओढून पडद्याच्या अगदी डाव्या-वरच्या कोपऱ्यात ने. नेली, आणि नॉब हाताला लागला! निदान झालं. वाइन-स्टेजिंग (वाइनचीच प्रायोगिक आवृत्ती) ९.२१ परत टाकलं, पण प्रिफिक्स तोवर नव्या वाइनने अपडेट केलेला, म्हणून एक रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारा प्लगिन) उघडेचना. तो पुन्हा इन्स्टॉल केला तर ॲक्टिव्हेशन मागायला लागला. मिक्स पहाटे गेलं, तेही रीपरचा स्वतःचा रिव्हर्ब लावून.

म्हणून माझ्याकडे वाइनची आवृत्ती 'एपीटी-मार्क होल्ड' देऊन अडकवलेली असते, आणि हातात काम असताना मी अपडेटला हात लावत नाही. उबंटू २४.०४ च्या स्वतःच्या रेपॉझिटरीत वाइन ९.० आहे. ते या भानगडीच्या आधीचं, म्हणून चालतं. "पण ते जुनं आहे ना?" असं नवशिके नाक मुरडून विचारतात. जुनं आहे, आणि नॉब फिरतो. शिवाय प्रिफिक्सचा अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून ठेवा. तो साधा फोल्डरच आहे, फार अक्कल लागत नाही.

बाकीचं थोडक्यात. वाइन 'सुडो' लावून (म्हणजे सिस्टिमच्या मालकाचे, रूटचे अधिकार घेऊन) चालवू नका. प्रिफिक्समधल्या फाइल्स रूटच्या मालकीच्या होतात आणि मग रोज नवं रडगाणं. डीएडब्ल्यू फ्लॅटपॅकमधून (प्रोग्रामला बाकी सिस्टिमपासून वेगळं ठेवणाऱ्या पॅकेजमधून) घेतलं असेल तर याब्रिजचा नाद सोडा आणि डीएडब्ल्यू नेहमीच्या पॅकेजमधून बसवा. प्रत्येक मोठ्या प्लगिनला वेगळा प्रिफिक्स दिलात तर उत्तम. कुठला कुणाचा ते याब्रिज फाइलच्या जागेवरून स्वतः ओळखतं. मात्र रीपर सुरू करताना वाइनप्रिफिक्स हे व्हेरिएबल सेट करून ठेवलंत तर सगळे प्लगिन त्या एकाच प्रिफिक्समध्ये ढकलले जातात.

आवाज तुटत असेल तर बफर (एका वेळी किती सॅम्पल हाताळायचे तो आकडा) वाढवण्याआधी आपला युजर रिअलटाइमची (ऑडिओच्या कामाला अग्रक्रम देण्याची) परवानगी असलेल्या ग्रुपमध्ये आहे का ते बघा, आणि मेमलॉकची (रॅममध्ये अडकवून ठेवता येणाऱ्या मेमरीची) मर्यादाही. ग्रुपमध्ये नाव घातल्यावर लॉगआउट करून परत यायचं असतं, हे निम्मे लोक करतच नाहीत. एवढं करूनही ६४ सॅम्पलच्या बफरवर जड सिंथची फौज उभी करायचा हट्ट असेल, तर रेकॉर्डिंगपुरता ठेवा. मिक्सला २५६ किंवा ५१२ ने कुणाचं काही बिघडत नाही.

यूएसबी डोंगल (लायसन्सची किल्ली) मागणाऱ्या प्लगिनसाठी वाइनशी झटापट करू नका. पियानो हवा असेल तर पियानोटेक आणि सिंथ हवा असेल तर सर्ज एक्सटी किंवा व्हायटल थेट लिनक्ससाठीच मिळतात, ते आधी लावून बघा. आणि मदत मागायला येताना "चालत नाही" एवढंच सांगू नका. याब्रिज-डीबग-लेव्हल (YABRIDGE_DEBUG_LEVEL) हे व्हेरिएबल १ करून टर्मिनलमधून रीपर सुरू करा आणि तिथे जे उमटेल ते जसंच्या तसं पाठवा, वाइनच्या आवृत्तीसकट. स्क्रीनचा तिरका फोटो नको.