हिवाळ्यात कुत्र्याला शिवारात फिरवायचं तर

मराठवाड्यात बर्फ पडत नाही, पण मार्गशीर्ष-पौषातली शिवारातली सकाळ कुत्र्याला वर्षात सगळ्यात जास्त मानवते. जमीन तापलेली नसते, आणि रात्री हिंडून गेलेल्या सशांचा वास गार, दमट हवेत जमिनीलगत टिकून राहतो. अशा वेळी कुत्रं चालतं कमी आणि हुंगतं जास्त. त्याला ओढू नका. एका बोरीच्या बुंध्याशी पाच मिनिटं गेली तर जाऊ द्या, सकाळचा खरा आनंद तिथंच आहे.

निघायचं ते ऊन पडल्यावर, साडेसात-आठला. उजाडायच्या आधी धुक्यात दहा पावलांवरचं दिसत नाही आणि उसाच्या फडाकडेला बिबट्या, रानडुक्कर परतीच्या वाटेवर असतात. थंडीच्या लाटेत परभणी-नांदेडकडं पहाटेचा पारा दहाच्या खाली जातो, तरी दुपारचं ऊन चटका देतंच. म्हणून दहाच्या आत घरी. हस्कीसारख्या दाट केसांच्या कुत्र्याला पहाट सोसते, चढतं ऊन सोसत नाही. आपल्या कारवानी जातीच्या कुत्र्याचं उलटं आहे. अंगावर चरबी नाही, केस आखूड, त्यामुळं ते उभ्या-उभ्या कुडकुडतं. त्याला छाती आणि पोट झाकणारी झूल घाला, जुन्या स्वेटरची शिवली तरी चालते. मात्र झूल दवानं भिजली की लगेच काढा. ओली झूल उघड्या अंगापेक्षा जास्त गारठवते.

वाट निवडताना गाडवाट, पाणंद किंवा रुंद धुरा (बांध) बघा. पिकात शिरू नका. नुकसान शेतकऱ्याचं होतं आणि त्रास कुत्र्याला. हरभऱ्याच्या पानांवरची आंब आम्ल असते, पायाला बारीक चीर असेल तर झोंबते. करडई काटेरी. सगळ्यात वाईट म्हणजे तूर काढलेलं रान. विळ्यानं तिरकी कापलेली धसकटं भाल्यासारखी उभी असतात, आणि पळतं कुत्रं त्यावर आलं तर पंजा आरपार फाटतो. रात्रपाळीच्या विजेवर पाणी दिलेल्या काळ्या रानात चिखलाचे गोळे बोटांच्या बेचक्यात बसतात आणि वाळल्यावर दगडासारखे होऊन कातडं सोलतात. ते ओढून काढू नका, कोमट पाण्यात पाय बुडवून विरघळू द्या.

चालताना पाच-सहा फुटांची साखळी किंवा पट्टा पुरतो. मोकळ्या माळावर पंचवीस-तीस फुटांची दोरी लावा, पण ती गळपट्ट्याला नको, छातीवरून जाणाऱ्या हार्नेसला. ससा उठला की कारवानी क्षणात पूर्ण वेग धरतं, आणि दोरी संपली की सगळा हिसका मानेवर येतो. सशामागं कुत्रं सोडायचं तर नाहीच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पाठलाग करवणंही शिकारीतच येतं. काळवीट दिसलं की दोरी आवळा आणि वाट बदला. नायगाव मयूर किंवा येडशी रामलिंगसारख्या अभयारण्यात कुत्रं नेऊच नका.

बिनकठड्याच्या विहिरी आणि शेततळी यांना आम्ही सापापेक्षा जास्त भितो. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद दवानं निसरडा होतो. पाणी प्यायला उतरलेलं कुत्रं घसरतं, पोहून काठाला येतं, पण त्याची नखं कागदावर धरत नाहीत, आणि काही मिनिटांत दमून बुडतं. मागोमाग उडी मारू नका, माणूसही तसाच अडकतो. दोरीला ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब बांधून टाका, किंवा शिडी आत सोडा. हार्नेस असेल तर काठीच्या आकड्यानं पकडता येतं. पाणी पाजायचं ते बरोबरच्या बाटलीतून, दर अर्ध्या तासाला अर्धी वाटी.

कुंपणाच्या तारेला झटका मशीन असू शकतं, काही ठिकाणी थेट वीजही सोडलेली असते. कुत्रं तारेला चिकटलं तर त्याला हात लावू नका, आधी वीज बंद करा. उंदरांसाठी ठेवलेल्या गोळ्यांत झिंक फॉस्फाईड असतं. कुत्र्यानं खाल्लं तर मीठपाणी पाजून उलटी काढायच्या नादाला लागू नका, पुडी हातात घेऊन सरळ पशुवैद्यकाकडं न्या. घोणस या दिवसांत धुऱ्यावर ऊन खात पडते. ती चावली तर चिरा मारू नका, आवळून बांधू नका. कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या.

मेंढ्यांचा कळप दिसला तर लांबूनच थांबा आणि धनगराला हाक द्या. त्याची कुत्री राखणीची आहेत, अंगावर येणं हे त्यांचं कामच. पळू नका, आपलं कुत्रं कडेला घेऊन सावकाश मागं सरा. रेबीजची लस दरवर्षी दिलेली हवीच. लशी पूर्ण न झालेलं पिल्लू शिवारात आणू नका.

येळवशीला (वेळा अमावस्येला) किंवा हुरडा पार्टीला कुत्रं बरोबर असेल तर पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा. नुसता हुरडा मूठभर चालतो. लसणाची चटणी, लसूण घातलेली भज्जी (येळवशीची मिश्र भाजी), कांदा हे मात्र नाही. दहा किलोच्या कुत्र्याला दीडशे ग्रॅम कांदाही घातक ठरू शकतो, लसूण त्याहून कमी पुरतो. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि हिरड्या फिकट पडणं, गडद लघवी ही लक्षणं दोन-चार दिवसांनी दिसतात. तोवर हुरडा पार्टी कुणाच्या ध्यानातही नसते.

आता कुसळ. माळावरचं कुसळी गवत हिवाळ्यात वाळून बी झाडतं. बियाचं टोक सुईसारखं, त्यावर मागं वळलेले बारीक केस, आणि शेपटीसारखं कुसळ दवानं उलगडतं, उन्हानं पिळतं. मातीत रुतायची ही युक्ती कातड्यातही तशीच चालते. कुसळ आतच सरकत जातं, आपोआप बाहेर येत नाही. त्यामुळं घरी आल्यावरची तपासणी कधीही टाळू नका. उन्हात बसून आधी चारही पंजांची बोटं फाकवून बेचक्या बघा, मग काखा, जांघा, कानाच्या पाळीची आतली बाजू, पापण्या, शेपटीखाली. उलट्या केसांतून बोटं फिरवली की टोचणारं हाताला लागतं, गोचीडही तेव्हाच सापडते. कातडीच्या वर दिसणारं कुसळ चिमट्यानं बुडाशी धरून सरळ ओढा आणि जागा मिठाच्या कोमट पाण्यानं धुवा. सराटा निघाला तर तिथं मोडलेलं टोक राहिलंय का, ते भिंगातून बघा.

कुत्रं एकाएकी एका बाजूला मान कलती करून डोकं झटकू लागलं तर कुसळ कानात आहे. फिरून येताच शिंकांचा सपाटा लागला तर नाकात, एक डोळा मिटून धरला तर डोळ्यात. या तिन्ही ठिकाणी घरचा चिमटा नको, तेल सोडणं नको. त्याच दिवशी दवाखाना गाठा. उदगीर आणि परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांजवळ राहणाऱ्यांना तिथंही नेता येईल. एकच बोट सतत चाटणं, दोन दिवसांनी तिथं फुगीर गाठ, मग वाहणारं छिद्र, असं दिसलं तर आत कुसळ आहे असंच धरा. नुसतं मलम लावून छिद्र वरवर बुजतं आणि आठवड्यानं शेजारी दुसरं फुटतं.

भाकरी-दूध लगेच देऊ नका. आल्याआल्या थोडं पाणी, आणि धाप बसल्यावर, तासाभरानं, जेवण. खोल छातीच्या कुत्र्यांना पोटभर खाऊन पळवलं तर पोट फुगून पीळ बसण्याचा धोका असतो, म्हणून निघण्याआधीही ताटली रिकामीच ठेवा.