कारखान्यासाठी डॉक्युमेंट सॉफ्टवेअर निवडताना

"तुला कॉम्प्युटरमधलं कळतं, जरा बघ कुठलं घ्यायचं ते." नवीन इंजिनिअरकडे हे काम हमखास येतं. चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला असताना माझ्याकडेही आलं.

डेमो बोलावण्याआधी एखादा कागद कसा फिरतो ते बघा. मी ड्रॉइंग निवडलं. डिझाइनकडून ते मेलने परचेसला जायचं, तिथून व्हॉट्सअ‍ॅपवर व्हेंडरला, आणि प्रिंट शॉपफ्लोअरला. डिझाइनच्या फोल्डरमध्ये रिव्हिजन ०४ होती, मशीनशेजारी प्लास्टिकच्या कव्हरात ०२ लटकत होती. आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाचं कलम ७.५ यासाठीच आहे: लागेल तिथे चालू आवृत्ती मिळावी आणि जुनी चुकून वापरली जाऊ नये. तेव्हा आमची पहिली अट ठरली, मंजुरीशिवाय नवी रिव्हिजन कुणाला दिसता कामा नये.

मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंटमध्ये अशी मंजुरी लावता येते, पण मांडणी नीट करून देणारा माणूस लागतो. गूगल ड्राइव्हवर एकत्र लिहायला फार सोपं जातं. मात्र पीडीएफ किंवा कॅड फाइलच्या जुन्या आवृत्त्या कायम ठेवायची खूण केली नसेल, तर ३० दिवसांनंतर त्या पुसल्या जाऊ शकतात. नेक्स्टक्लाउड हे फाइली ठेवायचं मोफत सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर चालतं आणि लायसन्सचा खर्च वाचतो. बॅकअप आणि अपडेट मग तुमच्या गळ्यात.

फाइल कुणाच्या नावावर राहते, हे आवर्जून विचारा. वैयक्तिक जीमेलवरून शेअर केलेली फाइल त्या व्यक्तीचीच असते. तो नोकरी सोडून गेला की ऑफिस अडकतं. गूगलच्या शेअर्ड ड्राइव्हमध्ये मालकी संस्थेकडे राहते, म्हणून तो असलेलाच प्लॅन घ्या.

मराठी कागदपत्रांची चाचणी डेमोत कुणी दाखवत नाही, ती आपणच करायची. जुनं परिपत्रक उघडा, एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला तर ते युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना समजणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, नाही. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधल्या फाइलींचं असंच होतं. "रजा" असं शोधलंत तर त्या कधीच सापडणार नाहीत, सॉफ्टवेअर कितीही महाग असो. आधी रूपांतर करून घ्या, आणि तो खर्च बजेटमध्ये धरा.

शेवटचा निर्णय मी स्टोअरच्या माणसासमोर घेतो. त्याला हीट नंबर (स्टीलच्या एका वितळणीला दिलेला क्रमांक) द्यायचा आणि स्टीलचं टेस्ट सर्टिफिकेट फोनवर शोधायला सांगायचं. ही सर्टिफिकेटं बहुधा पुसट स्कॅन असतात, त्यामुळे ओसीआरवर, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखणाऱ्या सोयीवर, विसंबता येत नाही. हीट नंबर, सप्लायर आणि तारीख यांचे वेगळे रकाने हवेत, आणि ते माल उतरवतानाच भरता आले पाहिजेत. ते त्याला जमलं नाही, तर मी ते सॉफ्टवेअर यादीतून काढतो.