जोडीदाराला रुग्णालयातून घरी आणण्याआधी

घरी सोडण्याचा दिवस ठरला की सामान आवरण्याची घाई सुरू होते. पण तयारीचा सर्वांत मोलाचा भाग रुग्णालयातच उरकायचा असतो, कारण तिथून बाहेर पडल्यावर शंका विचारायला समोर कोणी नसते. डिस्चार्ज कार्ड तिथेच बसून शब्दन् शब्द वाचावे, न लागलेले अक्षर परिचारिकेकडून समजून घ्यावे आणि कोणते अहवाल अजून यायचे आहेत, टाके कधी काढायचे, अंघोळ केव्हापासून करायची, किती वजन उचलायचे, जिना चढायचा की नाही, रात्री अडचण आली तर कोणाला फोन करायचा, हे सारे वहीत उतरवून घ्यावे. ड्रेसिंग आपल्यालाच करायचे असेल तर नुसते पाहून भागत नाही. परिचारिकेच्या देखत एकदा स्वतःच्या हाताने करून दाखवावे.

सर्वांत जास्त वेळ औषधांसाठी राखून ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. घरातल्या जुन्या गोळ्या आणि नव्या गोळ्या एकाच टेबलावर मांडाव्यात आणि प्रत्येक स्ट्रिपवरचे, ठळक नावाखालचे बारीक अक्षरांतले घटकाचे नाव वाचावे. दोन वेगळ्या रंगांच्या, वेगळ्या नावांच्या स्ट्रिपांवर तोच घटक निघाला, तर दोन्ही देण्याआधी डॉक्टरांना विचारावे. पॅरासिटॅमॉल सर्दीच्या आणि अंगदुखीच्या अनेक गोळ्यांतही असते, त्यामुळे नकळत जास्त जाते आणि यकृताला अपाय करते. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी स्वतःच्या मनाने देऊ नये. जुन्यांपैकी काय बंद झाले, हे डॉक्टरांकडून लेखी घ्यावे आणि त्या स्ट्रिपा वेगळ्या काढून ठेवाव्यात. वेदनेवर तीव्र औषध दिले असेल तर बद्धकोष्ठ होण्याची शक्यता असते; त्यावरचा उपाय आधीच विचारून ठेवलेला बरा.

घरात पलंगापासून संडासापर्यंतची वाट आपण स्वतः रात्रीच्या वेळी, अगदी सावकाश चालून पाहावी. सरकणारे पायपुसणे, आडवी आलेली वायर, ओली राहणारी फरशी तेव्हाच ध्यानात येते. तोल जाताना हात कुठे जाईल तेही पाहावे. तिथे टॉवेल टांगण्याची दांडी असेल तर ती माणसाचे वजन पेलणार नाही, म्हणून भिंतीत पक्का बसवलेला आधार हवा. पलंग एवढाच उंच असावा की कडेला बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतील. उठताना आधी मिनिटभर कडेला बसवावे, चक्कर येत नाही ना हे विचारावे आणि मगच उभे करावे. काखेत हात घालून ओढू नये, त्याने खांदा दुखावतो.

विश्रांती म्हणजे दिवसभर पडून राहणे नव्हे. अंथरुणावर काढलेल्या थोड्या दिवसांतही स्नायूंची ताकद घटते, म्हणून डॉक्टरांनी मुभा दिली असेल तेवढे चालणे रोज व्हावे. शर्टाची बटणे लावायला जोडीदाराला पाच मिनिटे लागत असतील तर ती लागू द्यावीत. मायेपोटी आपण हात पुढे करतो, पण ते काम त्यांचे आहे.

38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप, जखमेभोवती पसरणारी लाली, पू किंवा दुर्गंधी, एकाच पोटरीला सूज आणि दुखणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. अचानक धाप लागणे, छातीत दुखणे किंवा एकाएकी बोलण्यात असंबद्धता येणे, अशा वेळी थेट रुग्णवाहिका बोलवावी. ही लक्षणे मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ लावावीत, म्हणजे आपण घरात नसताना सोबत बसलेल्या माणसालाही ती दिसतील. असा माणूस आधीच ठरवून ठेवावा, कारण सलग जागरणाने आपल्याच हातून गोळीची वेळ चुकते.

पुढच्या तपासणीची तारीख रुग्णालय सोडण्याआधीच पक्की करावी आणि त्या दिवशी डिस्चार्ज कार्ड, गोळ्यांची यादी आणि रोजची नोंदवही पिशवीत घालावी. त्या वहीचे शेवटचे पान जोडीदाराला स्वतःला विचारायच्या प्रश्नांसाठी कोरे ठेवावे.