काड्या मांडून बेरीज: प्राचीन चिनी मोजणीकाड्या कशा वापराव्यात

खराट्याचे हीर घ्या आणि बोटभर लांबीचे पंचवीस-तीस तुकडे करा. आगपेटीच्या काड्याही चालतील. एका कागदावर शेजारी-शेजारी चार घरं आखा: हजार, शतक, दशक, एकक. एवढंच साहित्य.

दोन हजार वर्षांपूर्वी, हान राजवटीत, चीनमधले हिशेबनीस अशाच काड्या वापरत. त्या बहुतेक बांबूच्या असत, काही हाडाच्या. हान काळाच्या इतिहासग्रंथात २७१ काड्यांच्या षट्‌कोनी जुडीची नोंद आहे, आणि एकेक काडी साधारण १४ सेंटीमीटरची.

आधी एककाचं घर. १ ते ५ साठी तितक्याच उभ्या काड्या ठेवा. ६ पासून रीत बदलते: वर एक आडवी काडी, ती पाचाची, आणि उरलेल्या तिच्याखाली उभ्या. म्हणजे ७ ला एक आडवी, खाली दोन उभ्या. ५ साठी मात्र पाचही काड्या मांडायच्या. पाचाची आडवी काडी एकटीच ठेवली, तर ती दशकातला १ वाटेल.

कारण दशकाच्या घरात सगळं उलटं: १ ते ५ आडव्या काड्यांनी, आणि पाचाची काडी उभी, वरच्या बाजूला. शतक पुन्हा उभं, हजार पुन्हा आडवं. ‘सुन त्झू’च्या जुन्या गणितग्रंथात हा नियम पद्यासारखा दिलाय: एकक उभं, दशक आडवं, शतक ताठ, हजार निजलेलं. मला या पद्धतीतली हीच गोष्ट सर्वांत आवडते. दिशा आलटून-पालटून ठेवल्यामुळे शेजारच्या दोन अंकांच्या काड्या एकमेकींत मिसळत नाहीत.

शून्यासाठी काडी नाही, घर रिकामं ठेवायचं. ७०६ मांडून बघा. दोन उभे अंक शेजारी आले, की मधलं घर रिकामं असल्याचं लगेच कळतं. पण ७००६ मध्ये हजार आडवं आणि एकक उभं, त्यामुळे आखलेली घरं नसतील तर ती संख्या थेट ७६ दिसते! म्हणून सुरुवातीला घरं आखाच. शून्यासाठी गोल चिन्ह चीनमधल्या ग्रंथांत दिसतं ते पुढे, १२४७ मध्ये छिन च्युशाओच्या ग्रंथात.

आता ७३६ + २४८. शाळेत आपण उजवीकडून सुरू करतो, इथे डावीकडून करायचं. ७३६ मांडा. शतकात दोन उभ्या काड्या वाढवा: ९ झाले. दशकात ३ आणि ४ मिळून ७, म्हणून चार आडव्या काड्या न वाढवता वर एक उभी आणि खाली दोन आडव्या ठेवा. एककात ६ आणि ८ मिळून १४, तिथे चार उभ्या उरवा आणि हातचा एक दशकात आडवा ठेवा. दशकाचे ८ झाले. उत्तर समोरच आहे, ९८४. पाटीवर लिहिताना हातचा विसरला जातो, इथे तो काडी होऊन डोळ्यांसमोर पडलेला असतो.

हे जमलं की काही काड्या लाल आणि काही काळ्या रंगवा. इ. स. २६३ मध्ये ल्यू ह्वे या गणितज्ञाने लिहून ठेवलंय, की लाल काड्या धन आणि काळ्या ऋण. जमा ५ आणि देणं ३ असेल, तर पाच लाल आणि तीन काळ्या मांडा. एक लाल, एक काळी अशी जोडी उचलत जा. शेवटी दोन लाल काड्या उरतील.